कालवडीला दिलेलं नाव

माझ्या बाबांना नावांचे अर्थ सांगायची खोड होती. शुक्रवारी संध्याकाळी आई काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर तेल घालून त्यात वात सोडायची, दिवा लागायचा, आणि आता उद्या संध्याकाळपर्यंत कामाला हात लावायचा नाही म्हटल्यावर बाबांच्या जिभेला चेव चढायचा. इसाक म्हणजे काय, तर तो हसेल. हाना म्हणजे कृपा. योना म्हणजे कबूतर. राहेल म्हणजे मेंढी. "पोटच्या पोरीला मेंढी कोण म्हणतं?" असं मी विचारायची. "मेंढपाळाच्या घरात मेंढीपेक्षा लाडकं कोण असणार?" असं बाबा म्हणायचे. त्यांच्याकडे सगळ्याला उत्तर असायचं, आणि उत्तर नसलं की ते अंगणात निघून जायचे.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले. घरात मराठी, जेवण नारळाचं, नावं मात्र पोथीतली. बाबा रेल्वेत सिग्नलच्या तारा आणि दिवे सांभाळायचे. त्यांची बदली झाली म्हणून आम्ही जालन्याला येऊन पडलो. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते, कचेरीतले जुने लोक अजून उर्दूतच आकडे मोजायचे. सगळ्या जालन्यात यहुदी घर एकच, आमचं. आम्ही नेमके कोण, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कुणी आम्हाला पारशी म्हणायचं, कुणी किरिस्ताव. शनिवारी आमच्याकडे चूल पेटत नाही एवढं मात्र गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

माझं पहिलं नाव मी इथे लिहिणार नाही. ते लिहायचं नाही, बोलायचं नाही, असं आईने बजावलं होतं आणि या वयातही ते मोडायचं धाडस मला होत नाही. अर्थ सांगितला तर चालेल, असं मी मनाशी ठरवलंय. खजुराचं झाड. ज्याच्या भीतीने ही बंदी आली त्याला मराठी कळत नसावं अशी आशा आहे.

ते नाव बाबांच्या आईचं. ती कोकणात वारली तेव्हा बाबा कुठल्याशा स्टेशनवर ड्युटीवर होते. तार मिळाली, पण पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. पुढे मी झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या नावाचा विचारही केला नाही. जालन्याच्या स्टेशनापलीकडे, शेवटच्या सिग्नलजवळ शिंदीचं एक झाड होतं. खजुराच्याच जातीचं, पण फळ बेताचं. बाबा मला तिकडे फिरायला न्यायचे आणि झाडाकडे बोट दाखवून म्हणायचे, "ती बघ, तू." मला फार अभिमान वाटायचा.

मी सात वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला. डॉक्टर येऊन गेले, औषध दिलं, आणि आता वाट बघायची म्हणाले. ताप उतरेना. मी माणसं ओळखेनाशी झाले तेव्हा आईने बाबांना सांगितलं, हिचं नाव बदला.

आमच्यात हे चालत आलेलं आहे. मरणाचा दूत येतो तो नाव घेऊन येतो. दारात उभा राहून विचारतो, अमकी कुठे आहे. त्या नावाचं या घरात कुणी नाही म्हटलं की त्याला परत जावं लागतं. मग आजारी माणसाचं नाव बदलायचं, आणि नवं नाव आपल्या मनाने ठेवायचं नाही. पोथी उघडायची, जे नाव पहिलं दिसेल ते घ्यायचं.

हे मला तापातून तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाबांनी टोपी घातली होती. त्यांनी डोळे मिटून पोथी उघडली आणि बोट ठेवलं. तिथे एका बाईची गोष्ट होती. ती खजुरीच्या झाडाखाली बसायची आणि लोक तिच्याकडे न्याय मागायला यायचे. तिच्या नावाचा अर्थ मधमाशी. आई म्हणाली, "अहो, यातही झाड आहेच." बाबा म्हणाले, "झाड आहे, नाव नाही." ते ही गोष्ट मला वाचून दाखवत होते की आईला, कुणास ठाऊक. मी मधमाशी झाले आणि चार दिवसांत ताप उतरला.

आमच्यात नवस फेडतात तसा आईने नबीच्या, म्हणजे आमच्या पोथीतल्या प्रेषिताच्या, नावाने मलिदा केला. पोहे, गूळ, नारळ, वेलची. शेजारीपाजारी वाटला. सगळं गोड झालं. पण आईच्या मनात एक काटा राहून गेला. नाव बदलायला दहा पुरुष उभे असावे लागतात, असं तिने माहेरी ऐकलं होतं, आणि दहाही आपल्यातले. जालन्यात आमच्यातला पुरुष एक. बाबांनी एकट्याने वाचलं होतं. म्हणजे नवं नाव मला चिकटलं, पण जुनं सुटलं का? त्याचं बोलावणं कुठेतरी तसंच उघडं राहिलं असेल तर?

या प्रश्नाने आमच्या घराचं काय केलं ते मी सांगते. माझे सगळे फ्रॉक आईने देऊन टाकले. माझी खाट होती तो कोपरा रोज पुसला जायचा, पण तिथे ती काही ठेवायची नाही. घर दोन खोल्यांचं, ट्रंकेवर ट्रंक चढलेली, आणि तो कोपरा रिकामा. मला तिने शिकवलं की बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसरी मारील. मी इतकी शिकले की शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हाही पहिल्यांदा गप्प बसायची आणि छडी खायची.

तापात माझे केस गेले होते. आधी लांब वेण्या होत्या. आरशात आता टकली, खोल डोळ्यांची एक मुलगी दिसायची आणि तिला सगळे मधमाशीच्या नावाने हाका मारायचे. मग ती वेण्यांची कुठे गेली? मला खरोखर वाटायचं की ती गेली. दूताने तिला नेलं, आणि या घरात माझ्याशिवाय कुणाच्या ते लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि म्हणूनच तो कोपरा मोकळा ठेवला असेल. दुपारी आई पडली की मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायची नाही. बाबांनी शिंदीच्या झाडाकडे मला नेणं बंद केलं. एकदा गाडीतून जाताना ते दिसलं तेव्हा आम्ही दोघांनीही दुसऱ्या खिडकीकडे तोंड केलं.

आमच्या भिंतीपलीकडे एक शेतकरी कुटुंब राहायचं. शेती हसनाबादकडे, पण पोरांच्या शाळेसाठी घर जालन्यात केलेलं. तिथल्या बाईंना मी काकू म्हणायची. आवाज खणखणीत, हात मोकळा. शनिवारी आमच्या घरी पेटत नाही म्हणून न सांगता दुपारी भाकऱ्या पाठवायच्या, आणि आई सोमवारी त्यांच्या डब्यात नारळाच्या वड्या घालून तो परत करायची. आमच्या घरातलं त्या कोपऱ्याचं प्रकरण त्यांना आईने एकदा सांगितलं होतं. त्या हसल्या नव्हत्या.

तीन वर्षांनी माझी बहीण झाली. बाळ दिसायला चांगलं, रडायला त्याहून चांगलं. बारा दिवसांनी बारसं करायचं ठरलं आणि बाबा एकदम म्हणाले, "आईचं नाव ठेवू. आता ते कुणाचं नाही."

आईने बाळाला असं आवळून धरलं की ते रडायला लागलं. "त्याच नावाला शोधत असेल तो. तुम्ही पोर पुढे करणार?"

"माझ्या आईचं नाव बुडालं त्याचं काय?"

"माझी मुलगी बुडाली असती."

मी तिथेच बसले होते. वाचले ती मी होते की नाही, हे मला दोघांपैकी कुणालातरी विचारावंसं वाटलं. हे भांडण चार-पाच दिवस चाललं. बाबा मोठ्याने बोलणारे नव्हते, पण भिंत पातळ होती. शेवटी एका सकाळी काकू पदर खोचून आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"वैनी, बाबूसाब, मी मधी बोलून राह्यले, राग धरू नका. नाव असं मोकळं सोडू न्हाई. मोकळं नाव घरात फिरत राह्यतं. मला तर भितीपल्याड कळून राह्यलं."

"मग काय करायचं म्हणता?" आईने विचारलं.

"आमची गाय याली परवा. कालवड झाली. तिला द्या ते नाव."

बाबांचा चेहरा पडला. "माझ्या आईचं नाव गाईला?"

काकूंना यात अपमान कसला ते खरंच कळलं नाही. "मंग? गाय काय कमी हाय का, बाबूसाब? मी काय कुत्र्याला मागितलं का?" आणि मग आईकडे वळून म्हणाल्या, "आला त्यो नाव विचारत, तर गोठ्यात जाईल. कालवड बघून त्यालाच लाज वाटंल."

बाबा उठून अंगणात गेले. आईने मात्र विचारलं, "दहा पुरुष मिळतील?"

काकूंनी दहा मिळवले. बारशाच्या दिवशी त्याच आत्या म्हणून उभ्या राहिल्या. आमची सख्खी आत्या मुंबईला, ती कुठून येणार? बाळाच्या कानात कुर्र करून त्यांनी आईने ठरवलेलं नाव सांगितलं. त्याचा अर्थ कबूतर. मग पेढे खाऊन सगळी मंडळी भिंतीला वळसा घालून गोठ्यात गेली. काकूंचे यजमान, दीर, दोन गडी, गावाकडून आलेले पाहुणे पटके बांधून, समोरच्या दुकानाचे मारवाडी शेठ आणि त्यांचा थोरला मुलगा. एक कमी पडत होता, तर रस्त्याने चाललेल्या टांगेवाल्याला आत बोलावलं. आईने बोटांवर दोनदा मोजलं. आमच्यातला त्या दहांत एकच, आणि तो कोपऱ्यात टोपी घालून, तोंड पाडून उभा. शेठनी हळूच विचारलं, "बाबूजी, ये आपके यहाँ हर साल होता है क्या?" बाबांनी मान हलवली, ती हो की नाही ते शेठना कळलं नसणार.

काकूंनी कालवडीच्या कानात कुर्र केलं आणि ते नाव मोठ्याने घेतलं.

तीन वर्षांत ते मी ऐकलं नव्हतं. तोंड उघडून मी ओ देणार इतक्यात आईचा हात माझ्या तोंडावर आला. तो थंडगार होता.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला काकू कालवडीला हाक मारायच्या. ती अंगणात इकडेतिकडे हुंदडायची आणि तिला बांधायची वेळ व्हायची. त्यांचा तो आवाज, आणि माझं नाव. भिंतीच्या वरून येऊन आमच्या घरभर व्हायचं. पहिले काही महिने आई ती वेळ झाली की स्टोव्हला पंप मारत बसायची. स्वयंपाक झालेला असला तरी स्टोव्ह फरफरत असायचा. मी हातांची बोटं पायाखाली दाबून बसायची. मला वाटायचं, ती वेण्यांची पोर आता कोपऱ्यात नाही, पलीकडे आहे. तिला रोज कुणीतरी बोलावतं आणि ती जाते. मला तिचा हेवा वाटायचा, हे मी कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढली असती. आणि भीतीही वाटायची, कारण बोलावणारं कोण हे तिला कळणार कसं?

बाबांनी त्या वेळी ओट्यावर बसायला सुरुवात केली. कधी बूट पुसत, कधी नुसते. हाक आली की त्यांचा हात थांबायचा. गोठ्यात ते जायचे नाहीत. पण भाजीचे देठ, फुलकोबीचा पाला ते भिंतीवरून पलीकडे टाकायचे, आणि कालवड भिंतीशी येऊन फुरफुरली की म्हणायचे, "खा बाई." नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

हळूहळू आईचा स्टोव्ह उशिरा पेटायला लागला. मग एकदा माझ्या लक्षात आलं की हाक येते तेव्हा ती पीठ मळायची थांबलेली असते. मान खाली, हात परातीत. हाक संपली की पुन्हा मळायची. माझे केस तोवर मानेखाली आले होते, पण वेण्या ती घालू देत नव्हती. एकच बुचडा, घट्ट.

कालवड दीड वर्षाची झाली आणि त्या पावसाळ्यात गुरांमध्ये घटसर्प आला. घसा सुजतो, श्वास घरघरतो, आणि जनावर दिवसात जातं. एका दुपारी भिंतीपलीकडून तो घरघर आवाज आमच्याकडे ऐकू आला. काकूंचे यजमान ढोरांच्या डॉक्टरला आणायला सायकलवर गेले होते. काकू तापलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकत होत्या आणि तोंडाने देवाचं नाव घेत होत्या.

आईने बाळ माझ्या कडेवर दिलं आणि चप्पल न घालता गेली. मी मागोमाग गेले. गोठ्याच्या दारात उभी राहिले.

कालवड आडवी पडली होती. जीभ बाहेर. काकू म्हणाल्या, "वैनी, हाकेला कान हलवत न्हाई. सकाळपस्नं बोलावून राह्यले, बिलकुल न्हाई." त्यांचा तो खणखणीत आवाज बसला होता. आई शेणात गुडघे टेकून बसली. तिने कालवडीच्या कपाळावर हात ठेवला. माझ्या तापात तिने हात कसा ठेवला होता ते मला आठवत नव्हतं, पण त्या क्षणी आठवलं. तोच हात होता.

आणि आईने हाक मारली. ते नाव. आजारातून उठल्यापासून माझ्यासाठी बंद असलेलं, पूर्वी जेवायला बोलावताना मारायची त्या सुरात, शेवटचं अक्षर थोडं लांबवून.

माझ्या तोंडून ओ गेली.

तिने वळून पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली. मी पुन्हा ओ दिली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, मला मोजता येणार नाही किती वेळा. प्रत्येक वेळी मी ओ देत होते. कडेवरचं बाळ माझ्या तोंडाकडे बघत होतं. आई कालवडीला बोलावत नव्हती हे मला कळत होतं. ती मलाही बोलावत नव्हती. जिला तिने त्या तापात नाव घेऊन एकदाही हाक मारू दिली नव्हती, कुणाला नाही आणि स्वतःलाही नाही, तिला ती बोलावत होती. मी मधेच उभी राहून दुसऱ्याच्या हाकेला ओ देत होते. आणि तरी थांबवेना.

डॉक्टर येण्याआधी घरघर थांबली.

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "नेलं वैनी. आल्ता त्यो, अन् चुकून हिला घेऊन गेला. सुटली तुमची पोर." त्यांच्या गोठ्यातली कालवड गेली होती आणि त्या आमच्यासाठी बरं वाटून घेत होत्या. आईने त्यांच्या गळ्यात हात टाकला. आईला मी कुणाला असं धरताना पाहिलं नव्हतं.

बाबा ड्युटीवरून आले तेव्हा गडी कालवडीला बैलगाडीत चढवत होते. बाबा गाडीजवळ उभे राहिले. मग त्यांनी शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि फाडली. आईबाप गेले की आमच्यात कपडा फाडतात. त्यांना ते कोकणात जमलं नव्हतं, वेळेवर पोचलेच नव्हते. शेठ दुकानातून बघत होते, गडी बघत होते. तो शर्ट आईने कधी शिवला नाही. आईबापांसाठी फाडलेलं शिवत नाहीत.

त्या दिवशी दिवेलागणी झाली आणि भिंतीपलीकडून काही आलं नाही. आई दिवा लावून माझ्याजवळ आली. माझा बुचडा सोडला आणि फणी घेऊन मागे बसली. विंचरायला लागली.

"ओ का दिलीस तू?"

"तू हाक मारलीस."

फणी थांबली. "पहिल्याच हाकेला?"

मी मान हलवली. आता मार बसेल असं वाटलं. तिने माझ्या केसांचे दोन भाग केले आणि वेणी घालायला घेतली.

"देत जा," ती म्हणाली. "पहिल्याच हाकेला देत जा."

कोपऱ्यात दुसऱ्या दिवशी एक ट्रंक आली. आईने ते नाव पुन्हा कधी घेतलं नाही. मी मात्र त्या संध्याकाळपासून दिवेलागणीला गप्प बसते, तोंडात ओ तयार ठेवून, आणि अजून मला कुणी ते नाव घेऊन बोलावलेलं नाही.